प्रतिक्षेपाचा इतिहास : धारूर-परांड्याच्या बुरुजांपासून मझल ब्रेक व सप्रेसरपर्यंत

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रायः तोफेच्या तोंडासमोर असते. गोळा किती अंतरावर पडला, तटास कोठे खिंडार पडले, कोणता किल्ला किती दिवसांत हाती आला, याच्या नोंदी तवारिखा, बखरी व पत्रव्यवहार यांतून विपुल सापडतात. तोफेच्या मागे काय घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः दारूचा जो जोर गोळ्यास पुढे ढकलतो तोच जोर तोफेस मागे लोटतो. या मागे येणाऱ्या धक्क्यास पदार्थविज्ञानात 'प्रतिक्षेप' असे म्हणतात. तो कोठे व कसा जिरवावा, हा प्रश्न तोफ ओतणारा कारागीर, बुरूज बांधणारा गवंडी आणि बत्ती देणारा गोलंदाज या तिघांनाही सोडवावा लागला. पुढे तोच प्रश्न रायफलधारी शिपायाच्या खांद्यापाशी येऊन ठेपला. रायफलीच्या नळीच्या टोकावर बसविले जाणारे मझल ब्रेक व सप्रेसर हे त्याच प्रश्नाचे अलीकडचे उत्तर होय.

बीड जिल्हा व त्याच्या सीमेलगतचा प्रदेश या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. धारूरचा किल्ला जिल्ह्यातच आहे. परांडा आज धाराशिव जिल्ह्यात, तर खर्डा अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात मोडतो. अंबाजोगाई येथे निजामी राजवटीत लष्करी छावणी होती. बुरुजावरील अवजड तोफ, मैदानी तोफ, उंटावरील हलकी तोफ, बाण आणि बंदूक ही सर्व साधने या एकाच पट्ट्याच्या इतिहासात भेटतात. त्यामुळे प्रतिक्षेपाच्या प्रश्नाचा प्रवास येथून पाहणे सोयीचे ठरते.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
1) प्रतिक्षेप ही संकल्पना इतिहासाच्या अभ्यासकास उपयुक्त होईल अशा रीतीने स्पष्ट करणे.
2) बालाघाटच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे प्रतिक्षेप जिरविण्याच्या जुन्या पद्धतींचा मागोवा घेणे.
3) मझल ब्रेक व सप्रेसर यांचे रायफलीच्या प्रतिक्षेपावरील परिणाम तपासणे.
4) किल्ल्यांवरील तोफांच्या जतनासंबंधी या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

सदर अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निबंधातील आकडेमोड ही शस्त्रांच्या परिचित मापांवरून केलेली ढोबळ आकडेमोड आहे. प्रमाण लक्षात यावे एवढाच तिचा हेतू आहे.

प्रतिक्षेप : संकल्पना

आयझॅक न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात 1687 साली गतीचे तीन नियम मांडले गेले. त्यांतील तिसऱ्या नियमानुसार प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. बंदुकीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, गोळीचे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, म्हणजेच तिचा संवेग, जितका असेल तितकाच संवेग बंदुकीस मागच्या दिशेने मिळतो. मात्र बंदूक गोळीपेक्षा शेकडो पट जड असल्यामुळे तिचा मागे येण्याचा वेग कमी असतो.

येथे एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. नळीतून केवळ गोळी बाहेर पडत नाही, तर जळालेल्या दारूचा वायूही अतिशय वेगाने बाहेर पडतो. त्या वायूचाही संवेग असतो आणि त्याचीही किंमत बंदुकीस मागे येऊन चुकवावी लागते. म्हणजे प्रतिक्षेपाचे दोन वाटेकरी ठरतात. एक गोळी आणि दुसरा वायू. गोळीचा वाटा कमी करावयाचा तर गोळी हलकी करावी लागते किंवा तिचा वेग घटवावा लागतो, आणि तसे केल्यास शस्त्राचा प्रभावच घटतो. वायूचा वाटा मात्र, गोळी सुटून गेल्यावर, अन्यत्र वळविता येतो. मझल ब्रेक व सप्रेसर यांचे सारे कार्य या दुसऱ्या वाट्यापुरतेच मर्यादित आहे.

संवेग नाहीसा करता येत नाही. तो जमिनीकडे, भिंतीकडे, जनावराकडे, खांद्याकडे किंवा हवेकडे सोपविता येतो. प्रतिक्षेपाचा इतिहास हा या सोपवणुकीचा इतिहास आहे.

धारूर : बुरूज व तोफेची बैठक

धारूरचा किल्ला सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने उभारला. थोड्याच काळात अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने तो जिंकून घेतला आणि त्या लढ्यात किश्वरखान मारला गेला. पुढे 1631 मध्ये मोगल सेनापती आझमखान याने तो निजामशाहीकडून घेतला. मोगल काळात त्यास फत्तेहाबाद असे नाव मिळाले. बालाघाटच्या डोंगरसोंडेवर वसलेल्या या किल्ल्याच्या बहुतेक बाजूंना खोल दऱ्या आहेत. शत्रूची खरी वाट सपाटीच्या बाजूने येते. त्यामुळे खंदक व भक्कम बुरूज यांची योजना त्याच बाजूस करणे भाग होते.

हा किल्ला ज्या काळात बांधला गेला तो काळ दख्खनच्या तोफखान्याच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत अहमदनगरच्या निजामशहाचा तोफखाना रूमीखानाच्या हाताखाली होता आणि लहानमोठ्या सुमारे 600 तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदविले आहे. मैदानावर तोफ मागे सरकण्यास मोकळी जागा असते. बुरुजाचा माथा मात्र अरुंद असतो. तेथे कित्येक टनांची तोफ मोकळेपणाने मागे सरकू लागली तर गोलंदाजांचा जीव धोक्यात येतो, नेम बिघडतो आणि बुरुजाचे बांधकामही खिळखिळे होते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या किल्ल्यांत या अडचणीवर एक उपाय रूढ झालेला दिसतो. तोफेच्या दोन्ही अंगांस आडवे खुंट ओतले जात. हे खुंट लोखंडी दुबेळक्यात बसविले जात आणि त्या दुबेळक्याचा दांडा बुरुजाच्या मध्यभागी दगडात कोरलेल्या खळग्यात रोवला जाई. परिणामी तोफ वरखाली झुकविता येई व आडवी फिरविताही येई. तोफेच्या मागे, तिच्या फिरण्याच्या वर्तुळास धरून, जाड दगडी भिंत बांधली जाई. तोफेचा मागचा भाग व ही भिंत यांमध्ये लाकडी ओंडके ठोकून बसविता येत. बत्ती दिल्यावर येणारा धक्का ओंडक्यांतून भिंतीत, भिंतीतून बुरुजाच्या भरावात व तेथून डोंगरात जिरत असे. दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ मधल्या खुंट्यावर फिरण्याच्या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे.

या रचनेत तोफ व बुरूज ही दोन वेगळी अंगे राहत नाहीत. बुरूज हाच तोफेचा गाडा होतो. तोफेचे वजन कितीही वाढविले तरी ते मर्यादितच राहते. बुरुजामागील डोंगराचे वस्तुमान मात्र व्यवहारतः अमर्याद असते. ज्या गवंड्यांनी ही बांधणी केली त्यांस संवेगाचे गणित ठाऊक नव्हते, परंतु धक्का कोठे पोहोचवावयाचा याचे त्यांचे ज्ञान अचूक होते. न्यूटनचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी सुमारे शतकभर हे ज्ञान दख्खनमध्ये दगडात उतरलेले होते.

परांडा व मुलूखमैदान तोफ

मराठी भाषेत मोठ्या आवाजाच्या वक्त्यास 'मुलूखमैदान तोफ' म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या तोफेवरून हा शब्दप्रयोग आला ती 1549 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ओतली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये मुरारपंताने ती विजापुरास नेली. आज ती तेथील शर्झा बुरुजावर आहे. कांस्याच्या या तोफेची लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा आतील व्यास सुमारे 70 सेंटीमीटर व वजन सुमारे 55 टन असल्याचे सांगितले जाते. हत्तीस गिळणाऱ्या सिंहाच्या मुखाचा आकार तिच्या तोंडास दिलेला आहे.

या तोफेच्या आधारे प्रतिक्षेपाची कल्पना करता येईल. 68 सेंटीमीटर व्यासाचा दगडी गोळा सुमारे 450 किलो वजनाचा भरतो. त्यास सेकंदाला 200 मीटर वेग मिळाला असे गृहीत धरले, आणि वायूचा वाटा तूर्त बाजूस ठेवला, तर 55 टनांची तोफ सेकंदाला सुमारे 1.6 मीटर वेगाने मागे येईल. हा वेग मनुष्याच्या भरभर चालण्याइतका आहे. तथापि 55 टन वजन त्या वेगाने बुरुजाच्या माथ्यावर सरकू लागले तर ते केवळ माणसांच्या बळावर थांबविणे अशक्य होय. येथे तोफेचे प्रचंड वजन हाच प्रतिक्षेपावरील पहिला उपाय ठरतो. धक्का सौम्य करण्यासाठी धातू खर्च केला गेला आणि त्या धातूचे ओझे वाहून नेण्याची किंमत बैल, हत्ती व माणसे यांनी मोजली.

या तोफेविषयी एक दंतकथा प्रचलित आहे. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाज जवळच्या पाण्याच्या हौदात उडी घेई व आवाज ओसरेपर्यंत बुडी मारून राही, असे सांगतात. ऐतिहासिक पुरावा म्हणून या कथेचे मोल मर्यादित आहे. तथापि लोकस्मृतीने गोळ्याच्या पल्ल्याइतकीच गोलंदाजाच्या कानांचीही आठवण ठेवली, ही बाब लक्षणीय आहे. तोफेच्या तोंडाशी फुटणारा वायू पुढच्या शत्रूपेक्षा मागच्या माणसास अधिक जवळ असतो. हा मुद्दा मझल ब्रेकच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

खर्डा, 1795 : गाडा, उंट व बाण

11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या परिसरात मराठे व निजामअली यांच्यात लढाई झाली. मराठ्यांचे सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा त्यांच्या बरोबर होत्या. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी होत्या, तर शिंद्यांच्या पलटणी पेराँच्या हाताखाली होत्या. त्या रात्री निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि लवकरच त्यास तह करावा लागला. या लढाईचे राजकीय परिणाम सुपरिचित आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीन बाबी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बाब म्हणजे मैदानी तोफ. दोन चाकांच्या गाड्यावरील ही तोफ प्रत्येक बारास मागे सरकते. गोलंदाजांस ती पुन्हा पुढे ढकलून जागेवर आणावी लागते व नव्याने नेम धरावा लागतो. येथे प्रतिक्षेप जमिनीच्या घर्षणात जिरतो आणि त्याची किंमत वेळ व माणसांचे श्रम यांच्या रूपाने द्यावी लागते. कवायतीचे महत्त्व यातून स्पष्ट होते. तोफ किती लवकर जागेवर येते यावरच तिचा मारा अवलंबून असल्याने, सराव केलेली तुकडी त्याच तोफेतून अधिक बार काढू शके.

दुसरी बाब उंटावरील हलक्या तोफांची, म्हणजे शुतरनाळा वा जंबुऱ्यांची. अठराव्या शतकातील हिंदुस्थानी फौजांत त्या सर्रास असत आणि 1761 च्या पानिपतावर अब्दालीने त्यांचा परिणामकारक उपयोग केला होता. खोगिरावरील खुंट्यावर बसविलेल्या या तोफेचा धक्का बसलेल्या उंटाच्या अंगात जिरे. या व्यवस्थेस मर्यादा जनावराच्या सहनशक्तीची होती, आणि म्हणूनच अशा तोफांचा गोळा लहानच राहिला.

तिसरी बाब बाणांची. या लढाईत रघूजी भोसल्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्यावर बाणांचा मारा केल्याचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. दारू भरलेली लोखंडी नळी व तीस बांधलेली काठी असे या बाणाचे स्वरूप असे. बाण आपला वायू मागे टाकीत पुढे जातो आणि तो सोडणाऱ्यास धक्का बसत नाही. प्रतिक्षेपाची सर्व किंमत मागे फेकल्या जाणाऱ्या वायूने चुकविलेली असते. मात्र त्यामुळे नेमाची खात्री उरत नाही आणि मागे उभे राहणाऱ्यास आगीचा धोका असतो. विसाव्या शतकातील प्रतिक्षेपरहित तोफांनी हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरले. 1965 च्या युद्धात अब्दुल हमीद यांनी खेमकरण विभागात जीपवरील ज्या 106 मिलिमीटर तोफेने पाकिस्तानी रणगाडे टिपले, ती याच प्रकारची होती. वायूचा काही भाग मागे सोडून गोळ्याच्या धक्क्याची बरोबरी साधली जात असल्यामुळेच एवढी तोफ जीपवर चढविता आली.

अंबाजोगाईची छावणी व खांद्यावरील धक्का

निजामी काळात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. 1903 मध्ये हे दल हिंदुस्थानच्या लष्करात विलीन करण्यात आले. या दलाच्या आयुष्याच्या उत्तरार्धातच ब्रिटिश लष्करातील बंदूक वेगाने बदलत गेली. ठासणीची बंदूक जाऊन मागून भरण्याची रायफल आली. 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री, 1888 मध्ये ली-मेटफर्ड व 1895 मध्ये ली-एन्फिल्ड रायफल स्वीकारली गेली. 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांस गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे देण्याचे धोरण दीर्घकाळ राहिले. त्यामुळे नव्या रायफलीचा लाभ त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचला. या विलंबाचा परिणाम पल्ल्यापुरता मर्यादित नव्हता, तो खांद्यावरही होत होता.

मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सुमारे 31 ग्रॅम वजनाची होती. तिचा वेग सेकंदाला सुमारे 410 मीटर व काळ्या दारूचे प्रमाण साडेपाच ग्रॅम होते. रायफलीचे वजन 3.8 किलो धरले आणि बाहेर पडणाऱ्या दारूच्या अवशेषांचा वेग सेकंदाला 600 मीटर मानला, तर मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा सुमारे 34 ज्यूल होते. त्या मानाने .303 ली-एन्फिल्डची गोळी 11.3 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 744 मीटर व धूरविरहित दारू सुमारे 2.4 ग्रॅम असते. वायूचा सरासरी वेग 1,250 मीटर धरल्यास चार किलोच्या रायफलीस मिळणारी ऊर्जा सुमारे 16 ज्यूल येते. म्हणजेच पल्ला वाढूनही खांद्यावरील धक्का निम्म्याहून कमी झाला. फ्रान्समध्ये 1884 साली पॉल व्हिएल याने सिद्ध केलेली धूरविरहित दारू या बदलाच्या मुळाशी होती.

प्रतिक्षेपाचा प्रश्न केवळ वेदनेचा नाही. जोराचा धक्का येणार हे ठाऊक असलेला शिपाई घोडा ओढण्यापूर्वीच नकळत अंग चोरतो, डोळे मिटतो आणि नेम चुकतो. दस्ता खांद्यात घट्ट रोवून धरण्याची शिकवण म्हणजे प्रतिक्षेप एकट्या खांद्याऐवजी साऱ्या शरीराच्या वस्तुमानाकडे सोपविणे होय. धारूरच्या बुरुजावर जे काम मागची भिंत करीत होती, ते येथे शिपायाच्या देहाने करावयाचे होते.

मझल ब्रेक : वायूस वळण

नळीच्या तोंडाशी तिरपी छिद्रे पाडून वायू बाजूस सोडण्याचा प्रयोग फ्रेंच अधिकारी त्रेय द बोल्यू याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला. तथापि त्या काळात तो रूढ झाला नाही. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपात राहतो. वायूचे प्रमाण व वेग दोन्ही कमी असतात, आणि त्या वायूस वळवून मिळणारा लाभही कमी असतो. धूरविरहित दारू व लहान, वेगवान गोळी आल्यावर हे गणित बदलले. 1920 च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड कट्स याचे 'कट्स कॉम्पेन्सेटर' हे साधन थॉम्पसन बंदुकीवर बसविले जाऊ लागले. त्यातून वायू वरच्या बाजूस सुटत असल्यामुळे नळीचे तोंड वर उचलले जाण्याची प्रवृत्ती कमी होई.

मझल ब्रेकची क्रिया सोपी आहे. गोळी एका अरुंद छिद्रातून पुढे निघून जाते. तिच्या मागून येणारा वायू आडव्या पडद्यांवर आदळून बाजूस किंवा किंचित मागे वळतो. पडद्यांवर आदळताना तो रायफलीस पुढे ओढतो. त्यामुळे वायूच्या वाट्याचा प्रतिक्षेप कमी होतो. वायू मागच्या दिशेने वळविल्यास गोळीच्या वाट्यापैकीही काही भाग भरून निघतो.

हा लाभ किती असू शकतो हे वरील आकड्यांवरून काढता येते. .303 रायफलीच्या एकूण संवेगात वायूचा वाटा सुमारे 26 टक्के येतो. तो पूर्णतः बाजूस वळविला असे मानले, तर प्रतिक्षेपाची ऊर्जा 16 ज्यूलवरून सुमारे 9 ज्यूलवर येईल. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेल्या 5.56 मिलिमीटरच्या इन्सास रायफलीची गोळी सुमारे 4 ग्रॅमची व वेग सेकंदाला सुमारे 900 मीटर आहे. तिच्या संवेगात वायूचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक भरतो, परंतु तिचा एकूण प्रतिक्षेपच 4 ज्यूलच्या आसपास आहे. यावरून एक नियम हाती येतो. गोळीच्या तुलनेत दारू जितकी अधिक, तितका मझल ब्रेक अधिक परिणामकारक ठरतो. प्रत्यक्षात चांगला मझल ब्रेक रायफलीचा धक्का तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी करतो. हलक्या रायफलीपेक्षा जाड नळीच्या दूरपल्ल्याच्या रायफलीवर त्याची गरज अधिक भासते.

या लाभाची किंमत हवेच्या मार्गाने चुकवावी लागते. पुढे जाणारा वायू बाजूस व मागे वळला की त्याचा स्फोटही त्याच दिशेने येतो. रायफलीचा आवाज मुळातच 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि 140 डेसिबलवरील क्षणिक आवाजही श्रवणशक्तीस घातक मानला जातो. मझल ब्रेकमुळे रायफलधाऱ्याच्या कानाशी हा आवाज आणखी काही डेसिबलने वाढतो. शेजारी असलेल्या सहकाऱ्यास त्याचा त्रास सर्वाधिक होतो. जमिनीलगत मारा करताना उडणारी धूळ शत्रूस ठिकाण दाखविते. खांद्यावरचा भार उतरतो, परंतु तो कानांवर चढतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेच्या रायफलीवर मझल ब्रेक लावण्यास मनाई आहे. 2010 ची जागतिक विजेती तेजस्विनी सावंत किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरच्या नेमबाजांनी प्रतिक्षेप आपल्या देहाच्या ठेवणीनेच सांभाळला.

सप्रेसर : वायूस विलंब

सप्रेसर हे साधन अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्झिम याने विकसित केले व 1909 मध्ये त्याचे पेटंट त्यास मिळाले. मॅक्झिम मशिनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हा त्याचा पिता होता. पित्याने प्रतिक्षेपाच्या जोरावरच बंदूक आपोआप भरण्याची युक्ती काढली आणि पुत्राने वायूस अडवून आवाज कमी केला. एकाच घराण्यातील दोघांनी बंदुकीच्या दोन उपद्रवांकडे साधन म्हणून पाहिले, असे म्हणता येईल.

मझल ब्रेक वायूस वळवितो, तर सप्रेसर त्यास थांबवून थांबवून सोडतो. लांब नळकांड्यातील एकामागून एक कप्प्यांत वायू पसरतो, थंड होतो आणि कमी वेगाने बाहेर पडतो. वेग घटल्यामुळे संवेग घटतो व प्रतिक्षेपही घटतो. दुसरा परिणाम वजनाचा होय. चार किलोच्या रायफलीवर अर्ध्या किलोचा सप्रेसर चढविला तर केवळ वाढलेल्या वजनामुळे प्रतिक्षेपाची ऊर्जा सुमारे 11 टक्क्यांनी कमी होते. शिवाय धक्का थोड्या अधिक काळात विभागला गेल्यामुळे तो ढुशीसारखा न लागता लोटल्यासारखा जाणवतो. असे असले तरी प्रतिक्षेप कमी करण्यात सप्रेसर सामान्यतः उत्तम मझल ब्रेकच्या मागे राहतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. सप्रेसरमुळे आवाज सुमारे 20 ते 35 डेसिबलने कमी होतो. त्यास 'सायलेन्सर' म्हणण्याची पद्धत रूढ असली तरी ती दिशाभूल करणारी आहे. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतील कडकडाट सप्रेसर थांबवू शकत नाही. येथेही किंमत आहेच. शस्त्राची लांबी वाढते, तोल पुढे झुकतो, नळकांडे तापते आणि स्वयंचलित रायफलीत अडविलेला वायू मागे येऊन शिपायाच्या तोंडावर येतो.

पुणे येथील आधुनिक तोफ

बुरुजावरील तोफेचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेगळ्या मार्गाने सुटला. 1897 च्या फ्रेंच 75 मिलिमीटर तोफेत तेल व दाबलेली हवा यांच्या साह्याने केवळ नळी मागे सरकून परत जागेवर येऊ लागली आणि गाडा स्थिर राहू लागला. त्यानंतरच्या अनेक मोठ्या तोफांत या यंत्रणेस मझल ब्रेकची जोड मिळाली. 1999 च्या कारगिल युद्धातील बोफोर्स तोफेच्या नळीवर तो होता. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने भारत फोर्ज व टाटा यांच्या सहकार्याने विकसित केलेल्या 155 मिलिमीटरच्या 'अटॅग्ज' तोफेवरही तो आहे. या प्रकारच्या 307 तोफांसाठी मार्च 2025 मध्ये करार झाला.

या तोफेचा सुमारे 45 किलोचा गोळा सेकंदाला 900 मीटर वेगाने सुटतो असे धरले, तर त्याचा संवेग मुलूखमैदानच्या वर गृहीत धरलेल्या संवेगाच्या निम्म्याच्या जवळ येतो. संपूर्ण तोफेचे वजन मात्र सुमारे 18 टन, म्हणजे मुलूखमैदानच्या एक तृतीयांश आहे. शिवाय तिच्यामागे बुरूज नाही. धातू, दगड व डोंगर यांनी जे काम केले ते आता तेल, हवा व वळविलेला वायू करतात.

किल्ल्यांवरील पुराव्याचे जतन

वरील विवेचनाचा स्थानिक इतिहासाशी थेट संबंध आहे. किल्ल्यावरील तोफ ही केवळ नळी नसते. खुंट्याचा खळगा, फरसबंदीवरील घासल्याच्या खुणा, मागची भिंत व तिचे तोफेपासूनचे अंतर हा तिचाच भाग होय. तोफ किती मोठी होती, ती कोणत्या दिशांस फिरे व तिचा धक्का किती असे, याचा पुरावा लोखंडापेक्षा या दगडांत अधिक असतो. अनेक ठिकाणी जुन्या तोफा मूळ जागेवरून हलवून कचेऱ्या, उद्याने व चौक यांच्या शोभेसाठी ठेवल्या गेल्या आहेत. तसे झाल्यावर तोफ उरते, परंतु तिच्या वापराचा पुरावा हरवतो.

अलीकडे किल्ल्यांवरील तोफांना नवे लाकडी गाडे करून देण्याची प्रथा वाढली आहे. त्यामागील भावना आदरणीय आहे. तथापि जी तोफ मधल्या खुंट्यावर फिरण्यासाठी ओतली गेली होती तिला चाकांच्या गाड्यावर चढविल्यास पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. बुरूज हाच जिचा गाडा होता तिला दुसऱ्या गाड्याची गरज नव्हती. त्याचप्रमाणे बुरुजाच्या माथ्यावरील 'निरुपयोगी' वाटणारी बुटकी भिंत डागडुजीच्या वेळी काढून टाकली, किंवा खळगा सिमेंटने बुजविला, तर प्रतिक्षेप जिरविण्याच्या रचनेचा एकमेव लेख पुसला जातो. हे नुकसान भरून काढण्याजोगे नाही.

निष्कर्ष

1) प्रतिक्षेप नाहीसा करता येत नाही. बुरूज, गाडा, उंट, खांदा व हवा यांपैकी कोणीतरी तो सोसतोच. शस्त्राच्या इतिहासात हा सोसणारा कोण, हा प्रश्न पल्ल्याइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.
2) सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनच्या बुरुजांची रचना ही तटबंदीच्या इतिहासाबरोबरच तोफेच्या यंत्ररचनेच्या इतिहासाचाही भाग आहे.
3) मझल ब्रेक व सप्रेसर केवळ वायूच्या वाट्यावर कार्य करतात. काळ्या दारूच्या युगात त्यांचा लाभ अल्प होता. धूरविरहित दारूनंतर तो वाढला.
4) मझल ब्रेक धक्का अधिक कमी करतो, परंतु आवाज वाढवितो. सप्रेसर आवाज कमी करतो व धक्काही काही प्रमाणात घटवितो, मात्र वजन, उष्णता व मागे येणारा वायू ही त्याची किंमत आहे.
5) धारूर, परांडा व परिसरातील किल्ल्यांवर कोणतेही दुरुस्तीचे काम हाती घेण्यापूर्वी तोफांच्या बैठकींची मापे, खळगे व मागील भिंती यांची नोंद होणे आवश्यक आहे. मोजपट्टी व छायाचित्रण एवढ्या साधनांनी हे काम होऊ शकते. महाविद्यालयांतील इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी ते एकत्रितपणे हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना दोन्ही विषयांचा एकाच जागी परिचय होईल, आणि आजवर कोणी फारशा न मोजलेल्या त्या भिंती जिल्ह्याच्या इतिहासाच्या साधनांत जमा होतील.